‘क्वीन अँड कंट्री’: हेरांची गोष्ट, टेबलावर घडणारी

‘क्वीन अँड कंट्री’चे चारही जाडजूड खंड वाचून झाले आणि सध्या मी भेटेल त्याला त्यांच्याबद्दलच सांगत सुटले आहे. म्हटलं, एकदा नीट लिहूनच टाकावं. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी मत सांगते, कारणं मागाहून येतील. हेरांवरच्या जेवढ्या चित्रकथा मी आजवर वाचल्या, त्यांत ही मला सगळ्यांत खरी वाटली. त्याचं श्रेय मी देते तिच्यातल्या टेबलांना. टेबलं, त्यांवरचे फोन, फायली, सहीसाठी थांबलेले कागद आणि त्या कागदांमागे ताटकळणारी माणसं. हातात रायफल असलेली बाई यात आहेच, आणि ती लक्षात राहतेच, पण तिच्या जिवाचा फैसला कुठल्यातरी मजल्यावरच्या बंद खोलीत दोन साहेबांच्या बोलण्यात होतो. हे इतक्या नेटाने दाखवणारी चित्रकथा माझ्या वाचनात दुसरी नाही.

पुस्तकं आणली भाच्याने. दिवाळीला बंगळुरूहून आला तेव्हा पहिला खंड हातात ठेवत म्हणाला, ‘मावशी, यात मारामारी कमी आणि ऑफिस जास्त आहे. तुला आवडेल.’ पोरगं मला चांगलं ओळखून आहे. बाकीचे खंड मग मी त्याच्याकडून मागून घेतले.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेखक ग्रेग रुका, अमेरिकन. प्रकाशक ओनी प्रेस. २००१ साली मालिका सुरू झाली, २००७पर्यंत ३२ अंक निघाले आणि २००२ साली तिला सर्वोत्कृष्ट नव्या मालिकेचा आयस्नर पुरस्कार मिळाला, हा अमेरिकेत चित्रकथांसाठीचा मानाचा पुरस्कार. गोष्ट ब्रिटिश गुप्तहेर खात्याची, म्हणजे ज्याला आपण एमआय सिक्स म्हणतो त्याची. त्यातल्या एका छोट्या विभागात तीनच माणसं असतात, त्यांना ‘माइंडर’ म्हणतात. परदेशात जाऊन करायची अवघड आणि नाव न घेण्यासारखी कामं यांच्या वाट्याला. तारा चेस ही त्यांतली दोन नंबरची माइंडर, तिच्या वर टॉम वॉलेस, खाली एड किटरिंग. आणि या तिघांचा साहेब पॉल क्रॉकर. माझ्या लेखी या मालिकेतलं सर्वांत थोर पात्र क्रॉकरच, त्याच्याकडे येतेच.

या सगळ्याचं मूळ एका जुन्या ब्रिटिश दूरदर्शन मालिकेत आहे, आणि रुका ते उघडपणे सांगतो. ‘द सँडबॅगर्स’, १९७८ ते १९८०, एकूण वीस भाग. ती लिहिणारा इयन मॅकिंटॉश हा नौदलातला माजी अधिकारी. १९७९ साली अलास्काच्या आखातावर त्याचं छोटं विमान बेपत्ता झालं आणि तो पुन्हा कधीच सापडला नाही. मालिकेच्या शेवटच्या पर्वातले काही भाग त्यामुळे दुसऱ्यांना लिहावे लागले. सरकारी यंत्रणा आतून पाहिलेल्या माणसाने लिहिलं की त्यात कँटीन, बढत्या, वरिष्ठांचे रुसवे हे सगळं आपोआप येतं. रुका स्वतः त्या जगातला नाही, पण त्याने ती जाण मॅकिंटॉशकडून नीट उचलली आहे.

आता पहिली कथा बघा, ‘ऑपरेशन ब्रोकन ग्राउंड’. कोसोव्होत एक माजी रशियन जनरल शस्त्रांच्या धंद्यात आहे. त्याला संपवायचंय. गंमत म्हणजे ब्रिटनचं त्याच्याशी थेट काही देणंघेणं नाही. काम अमेरिकेच्या सीआयएचं आहे, आणि क्रॉकर ते उपकारादाखल करून देतो, कारण उद्या त्याला अमेरिकेकडून माहिती लागणार आहे. तारा दबा धरून बसते, गोळी झाडते, आणि जखमी अवस्थेत जीव मुठीत धरून तिथून निसटते. दुसऱ्या एखाद्या मालिकेत इथे शेवटचं पान आलं असतं. इथे खरी गोष्ट आता सुरू होते. मेलेल्या जनरलचे साथीदार थेट लंडनला येऊन टेम्सच्या काठावरच्या हेरखात्याच्या इमारतीवर रॉकेट डागतात. (त्या इमारतीवर खरोखरचा रॉकेटहल्ला सप्टेंबर २०००मध्ये झाला होता, म्हणजे पहिला अंक येण्याच्या थोडंच आधी.) आणि त्यांना पाहिजे असतं गोळी झाडणाऱ्या व्यक्तीचं डोकं.

म्हणजे आता ताराला वाचवायचं आहे, तेही तिच्याच शहरात. पण देशाच्या हद्दीतली सुरक्षा हे दुसऱ्या खात्याचं काम, एमआय फाइव्हचं. आणि या दोन खात्यांचं आपापसात अजिबात पटत नाही. परक्या मुलुखात जी बाई रायफल घेऊन वावरते, तिला स्वतःच्या राजधानीत साधं पिस्तूल बाळगायची परवानगी मिळत नाही. क्रॉकर या खोलीतून त्या खोलीत जातो. याला विनवतो, त्याच्यावर आवाज चढवतो, तिसऱ्याला जुन्या उपकाराची आठवण करून देतो. पानंच्या पानं बैठका आहेत. तारा तिकडे थांबलेली. शेवटी तिलाच चारा म्हणून पुढे करायचं ठरतं, आणि तीही ते मान्य करते. कंटाळवाणं वाटतंय का ऐकायला? मी ती पानं श्वास रोखून वाचली. नकार देणाऱ्या साहेबाच्या चेहऱ्यावर कुठे दुष्टपणा नाही, तो त्याच्या नियमाला धरून चाललाय. आणि त्या नियमाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस मरू शकतो. रुकाने हे कुठेही भाषण न देता दाखवलंय.

मला हे इतकं आत लागण्याचं कारण माझं नाशिकरोडचं लहानपण असणार. बाबा प्रेसमध्ये होते. बाहेरगावच्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते: नाशिकरोडला नोटांचा छापखाना १९२८पासून आहे, आणि त्याच्या सोबतीच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये टपाल तिकिटं, मुद्रांक आणि आपले पासपोर्ट छापले जातात. बाबा सकाळी डबा घेऊन निघायचे, पाळी संपली की परत. सुटताना गेटवर झडती, रोज, सगळ्यांची. निवृत्त होईपर्यंत ती चुकली नाही आणि त्यांना त्यात कधी अपमान वाटल्याचं मी पाहिलं नाही. घरी आल्यावर कामाबद्दल चकार शब्द नाही. आई विचारायची, ‘आज लई उशीर झाला?’ ते म्हणायचे, ‘हो, झाला.’ संपलं बोलणं. पुढचं आईही विचारायची नाही. मग चहा, मग पेपर, मग आमचा अभ्यास.

आमच्या वर्गात अशी घरं कितीतरी होती. कुणाचे वडील प्रेसमध्ये, कुणाचे देवळालीला तोफखान्यात, कुणाचे ओझरला विमानाच्या कारखान्यात. घरात न बोलायच्या गोष्टी असतात हे आम्हां पोरांना न सांगता कळलेलं होतं. त्यामुळे गुप्तता म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर काळा कोट आणि टोपी येत नाही. मला पाळीचा भोंगा, डब्याची पिशवी आणि झडतीची रांग दिसते. ‘क्वीन अँड कंट्री’त तळघरातल्या ज्या कोंदट खोलीला सगळे ‘पिट’ म्हणतात, त्या खोलीत हे तीन माइंडर समोरासमोर टेबलं टाकून कागद भरत बसलेले असतात, तेव्हा मला ती माणसं ओळखीची वाटली. आणि हो, जगातल्या झाडून सगळ्या हेरकथांत खोटा पासपोर्ट असतो. खरे पासपोर्ट छापणाऱ्यांची आठवण तिथे कुणाला होत नाही, मला मात्र दर वेळी होते.

दुसरी कथा, ‘मॉर्निंगस्टार’, तर मला पहिलीहूनही आवडली. तालिबानच्या ताब्यातलं अफगाणिस्तान. ब्रिटिशांसाठी काम करणारा एक माणूस मारला जातो आणि त्याच्याजवळची इतर खबऱ्यांच्या नावांची यादी मागे राहते. ती तालिबानच्या हाती पडण्याआधी काढून आणायची. जातात वॉलेस आणि किटरिंग. तारा, म्हणजे मालिकेची नायिका, लंडनमध्येच राहते, कारण कोसोव्होनंतर ती कामावर जायला ठीक आहे की नाही हे मानसोपचारतज्ज्ञाने अजून ठरवायचंय. नायिकेला दुसऱ्याच कथेत घरी बसवायला लेखकाची छाती लागते. त्या बसण्यात तिची जी तगमग आहे, समोरच्या डॉक्टरशी ती जे तुटक बोलते, त्यातून मला ती गोळीबाराच्या पानांपेक्षा जास्त कळली. एखाद्याला मारून आलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हा प्रश्न बहुतेक हेरकथा विचारतच नाहीत. इथे त्याला अख्खी कथा दिली आहे.

आणि क्रॉकर. तो स्वतः कुठेही जात नाही. माणसं पाठवतो आणि मग खात्याच्या नियंत्रण कक्षात उभा राहून फोनची वाट बघतो, सिगरेटी ओढत. वरच्यांशी खोटं बोलतो, अमेरिकनांशी सौदे करतो, ताराशी कधीकधी अगदी निर्दयपणे वागतो, पण त्याच्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आला की स्वतःची नोकरी पणाला लावतो. त्याला चांगला म्हणावं की वाईट, हे मला चारही खंड संपल्यावरही ठरवता आलेलं नाही, आणि असं पात्र उभं करणं सोपं नसतं.

चित्रांबद्दल. मालिका कृष्णधवल आहे आणि ते फार शोभतं. रंगांची चैन नसल्यामुळे नजर चेहऱ्यांवर आणि मोकळ्या जागांवर राहते. दर कथेला मात्र चित्रकार बदलतो. स्टीव्ह रॉल्स्टनची पहिल्या कथेतली तारा साधी, गोलसर चेहऱ्याची, गर्दीत सहज हरवून जाईल अशी आहे. हेर अशीच हवी ना? तिसरी कथा, ‘क्रिस्टल बॉल’, लेआंद्रो फर्नांडेझने काढली आहे. त्याचा सावल्यांवरचा हात जबरदस्त आहे, हे मानलंच पाहिजे. पण त्याने ताराला एकदम मासिकाच्या मुखपृष्ठावरची मदनिका करून टाकलं आहे. दोन कथा मेहनतीने उभी केलेली बाई तिथे अचानक देखावा होते. मला ते खटकलं, आणि हे मी बाई म्हणून आणि वाचक म्हणूनही म्हणते आहे. कथा चांगली आहे, ताण आहे, शेवट अंगावर येतो, तरी प्रत्येक पानावर माझी चिडचिड होत होती. पुढे ‘स्टॉर्मफ्रंट’मध्ये कार्ला स्पीड मॅकनील आली आणि ताराला पुन्हा हाडामांसाचं शरीर मिळालं, थकलेलं, दुखरं. शेवटची ‘रेड पांडा’ ख्रिस समनीची आहे. कमीत कमी रेषांत तो किती सांगतो ते पाहायला तरी ती वाचा.

एक गोष्ट मात्र आपण भारतीय वाचकांनी डोळे उघडे ठेवून वाचायला हवी. लंडनमधल्या एका खोलीत बसलेली चार माणसं दुसऱ्या देशातल्या कुणाला मारायचं हे ठरवतात, आणि त्या देशातल्या लोकांचं मत या पानांत कुठेच विचारलं जात नाही. कोसोव्हो, काबूल, इराक, ही सगळी ठिकाणं येतात ती ‘कामगिरीची जागा’ म्हणून. तिथली माणसं खबरी असतात, शत्रू असतात, नाहीतर प्रेतं. रुका या यंत्रणेवर टीका करतो हे खरं, पण तोही कॅमेरा लंडनमधून फारसा हलवत नाही. ज्या साम्राज्याचे खबरी आपल्याही गावागावांत होते, त्या देशाची ही गोष्ट वाचताना माझ्या मनातून हा विचार गेला नाही. मालिका मला आवडली म्हणून मी यावर पांघरूण घालणार नाही.

आपल्याकडच्या वाचकाला चित्रकथेतला हेर म्हटलं की इंद्रजाल कॉमिक्समधला कॉरिगन आठवेल. वेताळ आणि मँड्रेकच्या मागे तो थोडा झाकला गेला, पण त्याचा इतिहास मोठा आहे. १९३४च्या जानेवारीत ‘सीक्रेट एजंट एक्स नाइन’ या नावाने तो अमेरिकन वर्तमानपत्रांत अवतरला तेव्हा लिहायला डॅशिएल हॅमेट होता आणि चित्रं अ‍ॅलेक्स रेमंडची, तोच फ्लॅश गॉर्डनवाला. हॅमेट स्वतः पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केलेला माणूस. पाळत ठेवणं म्हणजे तासन्‌तास एका जागी थांबणं, हे त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. तरीही त्याचा एक्स नाइन सतत पळतो, हाणतो, सुटतो. असं का, यावर मी बराच विचार केला. मला वाटतं दोष त्या रोजच्या पट्टीचा आहे. वर्तमानपत्रात दिवसाला तीन-चार चौकटी मिळणार, आणि शेवटच्या चौकटीत उद्याचा पेपर घ्यायला लावणारं काहीतरी हवंच. तिथे थांबणं दाखवायला जागा कुठून आणणार? रुकाला दर वेळी अख्खा अंक मिळत होता. एक माणूस फोनकडे बघतोय, यावर तो पान खर्च करू शकला. तरी कॉरिगनबद्दल माझ्या मनात माया आहे. अल विल्यमसनने १९६७पासून तो काढायला घेतला आणि त्या काळातली चित्रं आजही बघत बसावीत अशी आहेत.

आता मला खरं जे म्हणायचंय त्याकडे येते. मराठीत अशी चित्रकथा का नाही? हेरकथेचं आपल्याला वावडं तर मुळीच नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारवर दोन पिढ्या पोसल्या गेल्या. आणि बहिर्जी नाईक! त्यांच्यावर पोवाडे, व्याख्यानं, मालिका, सगळं आहे. पण त्यांची गोष्ट आपण एकाच सुरात सांगतो: वेषांतर केलं, शत्रूच्या गोटात गेले, खबर आणली, जय. ती खबर आणल्यावर काय झालं, ती कुणी ऐकली, कुणी खोटी ठरवली, दोन हेरांच्या खबरा जुळल्या नाहीत तेव्हा महाराजांनी कुणावर भरवसा टाकला, न परतलेल्या हेराच्या घरी कोण गेलं? सभासदाच्या बखरीत बहिर्जी जासूद सुरतेची खबर देतो. त्यांच्याविषयी लिखित असं एकंदरीत फार थोडंच हाती लागतं. पण लेखकासाठी ती अडचण कशाला मानायची, ती तर मोकळी जागा आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्यातलाच प्रसंग घ्या. ऑक्टोबर १६७०. सुरत दुसऱ्यांदा लुटून महाराज परत निघाले आहेत, सोबत प्रचंड खजिना. मोगलांचा दाऊदखान कुरेशी वाट अडवायला येतो आहे. वणी-दिंडोरीच्या परिसरात गाठ पडते आणि मराठे ती लढाई उघड्या मैदानात जिंकतात. लढाईची चित्रं आपण पुष्कळ पाहिली. मला आदली रात्र पाहायची आहे. दाऊदखान कुठवर आला ही खबर घेऊन जासूद येतोय. खजिन्याचे घोडे पुढे काढायचे की थांबवायचे, याचा निर्णय त्याच्या शब्दावर अडलाय. छावणीत कुणीतरी जागं राहून त्याची वाट बघतंय. तो दमलेला आहे, त्याला आधी पहारेकऱ्याशी हुज्जत घालावी लागतेय, मग कारकुनाशी. कृष्णधवल, सप्तशृंगीच्या बाजूच्या त्या डोंगररांगांची काळी रेघ मागे, आणि पुढे मशालीच्या उजेडात तीन-चार चेहरे. अशी वीस पानं कुणी काढली तर मी पहिली प्रत विकत घेईन आणि दहा जणांना घ्यायला लावीन. चित्रकार आपल्याकडे आहेत. नाशिकच्या चित्रकलेच्या प्रदर्शनांत मी पाहते ना, पोरापोरींचे हात किती तयार आहेत ते. लिहिणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवं. बहिर्जींना देव्हाऱ्यातून बाहेर काढून छावणीत आणायला हवं, तिथे ते जास्त मोठे दिसतील अशी माझी खात्री आहे.

असो. वाचायचं असेल तर क्रम सांगते, कारण तो चुकला तर मजा जाते. पहिल्या खंडात पहिल्या तीन कथा आहेत, तिथूनच सुरुवात करा, चित्रं आवडोत न आवडोत. दुसरा खंड सलग वाचा. तिसऱ्या खंडात ‘सॅडलबॅग्ज’ संपली की खूण घालून थांबा. ती आणि त्यानंतरची ‘रेड पांडा’ या दोन कथांच्या मधली घटना रुकाने चित्रांत न सांगता ‘अ जेंटलमन्स गेम’ या २००४च्या कादंबरीत सांगितली आहे. ती वाचल्याशिवाय ‘रेड पांडा’मधली तारा अशी का वागते याचा पत्ता लागत नाही. काय घडतं ते मी इथे सांगणार नाही, कमेंटमध्येही कुणी सांगू नका, कृपा करून. चौथा खंड जुन्या काळाचा आहे, क्रॉकर तरुण असतानाच्या शीतयुद्धापासून, तो शेवटी वाचला तरी चालतो. भाषा इंग्रजी आहे, पण संवाद छोटे आहेत, दहावीतल्या मुलांनाही झेपतील. हिंसा आणि दारू मात्र बरीच आहे, तेव्हा त्याहून लहानांच्या हाती देऊ नका.

माझ्याकडे चारही खंड आणि ती कादंबरी आहे. नाशिकमध्ये कुणाला हवे असतील तर मेसेज करा. एकेक खंड देईन. तिसरा नेताना कादंबरीही सोबत न्यावी लागेल.